नागपुरात इलेक्ट्रिकल ठेकेदारी: नुसतं परमिट, दुसऱ्याचं लायसन्स की स्वतःचं?

माझी कामाची पहिली सहा वर्षं कोणत्याच कागदावर नाहीत. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि लगेच एका ठेकेदाराच्या हाताखाली लागलो. मनीषनगर, बेसा, मानेवाडा या पट्ट्यात तेव्हा एका फ्लॅट स्कीमचा स्लॅब सुकायच्या आत दुसरीचा पाया खोदला जायचा. स्लॅब पडायच्या आदल्या रात्री पाइप बांधायचे, विटकाम झालं की भिंतीत पाइपासाठी झिऱ्या (खाचा) मारायच्या, प्लास्टर वाळलं की वायर ओढायची, रंगाचा पहिला हात झाला की फिटिंग. दर शनिवारी हातात रोख हप्ता. सहा वर्षांनी स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं आणि त्याच ठेकेदाराकडे अनुभवाचा दाखला मागितला. तो म्हणाला, "देतो ना बाप्पा तुला. पण माझ्या रजिस्टरवर तुझं नावच नाही, तर तारीख कोणती लिहू?" तो खोटं बोलत नव्हता. सहा वर्षांत माझं नाव कुठे लागतंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

स्वतःचं काम सुरू करू पाहणाऱ्या वायरमनपुढे इथे साधारण तीन रस्ते असतात. परमिटवर घरगुती दुरुस्ती करत राहायचं, दुसऱ्या कोणाच्या लायसन्सखाली कामं घ्यायची, किंवा स्वतःचं लायसन्स काढायचं. तिन्हींवरून मी चाललो आहे. बहुतेक जण हे रस्ते पैशाच्या हिशेबानं तोलतात. मी आधी एवढंच बघतो की त्या रस्त्यावर माणसाचं नाव कोणत्या कागदावर लागतं. पुढचं लायसन्स, पुढचं टेंडर, बँकेचं कर्ज आणि वेळ आलीच तर अपघाताची चौकशी, हे सगळं त्या नावावर चालतं.

कायदा नेमका काय मागतो

विद्युत कायदा २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठ्याचे विनियम आहेत. २०१० चे जाऊन २०२३ मध्ये नवे आले, पण मूळ सूत्र १९५६ च्या जुन्या वीज नियमांपासून तेच आहे. वायरिंगचं नवं काम, वाढीव काम, फेरबदल किंवा दुरुस्ती करायची तर तीन कागद लागतात: राज्य सरकारचं ठेकेदारी लायसन्स, देखरेख करणाऱ्या सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या वायरमनचं परमिट. यातून सूट आहे ती किरकोळ कामांना. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण बदलायला लायसन्स लागत नाही. अट एवढीच की त्या बदलानं मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

महाराष्ट्रात हे तिन्ही कागद मुख्य विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेतलं अनुज्ञापक मंडळ देतं. मंडळ मुंबईला आहे, अर्ज ऑनलाइन जातो. साइटवर आणि बर्डीच्या दुकानांत मात्र सगळे याला 'पीडब्ल्यूडीचं लायसन्स' म्हणतात, आणि या नावानं बराच गोंधळ होतो. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदार म्हणून नोंदणी करणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ती सरकारी टेंडर भरण्यासाठी असते. अनुज्ञापक मंडळाचं लायसन्स वीजकामाला हात लावण्यासाठी असतं, मग काम सरकारी असो की तुमच्या शेजाऱ्याचं. पहिल्याशिवाय दुसऱ्यावर चालता येतं, दुसऱ्याशिवाय पहिल्याचा उपयोग नाही.

नुसतं परमिट

आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेल्याला परमिटचा रस्ता सोपा आहे. बाकीच्यांना मंडळाची परीक्षा आहे. परमिट हातात आलं की अनेक जण पाटी लावून मोकळे होतात. मार्चअखेरीपासून जूनपर्यंत फोन खाली ठेवायला वेळ मिळत नाही, एवढं काम नागपूरचा उन्हाळा देतो. कूलरची मोटर, पंप, पंख्याचा कपॅसिटर, उडालेली एमसीबी. हे काम मी कमी लेखत नाही. लोखंडी बॉडीचा कूलर, खाली सांडलेलं पाणी आणि टूपिनची (अर्थची पिन नसलेली) वायर, या तिघांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं मरतात. कूलर चालू करून देण्याआधी सॉकेटला अर्थिंग खरंच पोचलंय का हे तपासणारा आणि घरमालकाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला लावणारा परमिटवाला वायरमन माझ्या लेखी मोठं काम करतो.

पण या रस्त्याची हद्द लगेच संपते. कूलर काढून एसी बसवायचा, त्यासाठी डीबीपासून (वितरण पेटीपासून) वेगळी वायर ओढायची, हे काम किरकोळ बदलात मोडत नाही. मांडणीची क्षमता बदलली, म्हणजे लायसन्सवाला लागला. नागपुरात आता घराघरांत नेमकं हेच काम निघतं, आणि नुसत्या परमिटवर ते करणारे शेकड्यांनी आहेत. काही बिघडत नाही तोवर कोणी विचारत नाही. घराचं संपूर्ण वायरिंग, नवीन मीटरचा टेस्ट रिपोर्ट, कारखान्याचं गेट, सोसायटीचं वार्षिक कंत्राट, हे सगळं हद्दीच्या पलीकडे. गुंतवणूक म्हणजे हत्यारांची पिशवी आणि दुचाकी. मिळकत चार महिने चांगली, पावसाळ्यात बरी, थंडीत मंद. नाव लागतं ते फक्त गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये.

एक-दोन वर्षं हात बसवायला आणि गिऱ्हाईक जोडायला हा रस्ता ठीक आहे. दहा वर्षं इथेच थांबलेले माझे मित्र आहेत. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे आणि आजही ते दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहेत.

दुसऱ्याच्या लायसन्सवर

या रस्त्याला एकच नाव असलं तरी आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक न कळल्यानंच पोरं फसतात.

पहिली सरळ आहे. लायसन्सवाला ठेकेदार काम स्वतःच्या नावावर घेतो, बिल त्याच्या नावानं निघतं, त्याचा सुपरवायझर पाइप टाकताना, वायर ओढताना आणि मेगर मारताना (यंत्रानं वायरचं इन्सुलेशन तपासताना) साइटवर येतो. तुम्ही माणसं आणता, काम उरकता, ठरलेल्या पॉइंट रेटनं (दर दिवा-पंखा-सॉकेटच्या पॉइंटमागे) पैसे घेता. तुमचं आणि तुमच्या पोरांचं नाव, परमिट क्रमांकासह, त्याच्या रजिस्टरवर लागतं. यात तुमचा नफा कमी, पण प्रत्येक महिना अनुभवाच्या खात्यात जमा होतो. शिवाय मोठ्या कामाचं अंदाजपत्रक कसं बनतं, बिल्डरशी टप्प्याचे पैसे कसे ठरवायचे, हे दुसऱ्याच्या जोखमीवर शिकायला मिळतं.

दुसरी म्हणजे विकतची सही. काम तुम्हीच धरता, तुम्हीच करता, आणि शेवटी ए-वन फॉर्मबरोबर महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यायची वेळ आली की कोणाकडून तरी सही-शिक्का आणता. सही देणाऱ्यानं ती इमारत पाहिलेलीही नसते. टेस्ट रिपोर्टवर इन्सुलेशनचे जे आकडे लिहिले जातात ते मोजून लिहायचे असतात. कमी दाबाच्या मांडणीला ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट देऊन तार आणि अर्थ यांच्यात किमान १ मेगओहम यायला हवा. हे मोजमाप पंखे आणि एलईडी बसवायच्या आधी करायचं, नाही तर एलईडीच्या आतलं ड्रायव्हर सर्किट जळतं. विकतच्या सहीत ही कसोटी होतच नाही. आकडा लिहिला जातो, घराला मीटर लागतं, आणि भिंतीच्या आत खिळ्यानं सोललेली वायर तशीच राहते.

मी स्वतः दोन वर्षं अशा सह्या घेतल्या आहेत. थांबलो ते एका स्कीममुळे. बेशाकडच्या त्या इमारतीत आठ फ्लॅट होते, काम वेळेत झालं होतं, आणि अर्ज परत आला, कारण सही करणाऱ्याच्या लायसन्सची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. त्यानं मला सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. दुसरा लायसन्सवाला दुसऱ्याच्या कामावर सही करायला तयार होईना, आणि त्याचं बरोबरच होतं. शेवटी एका जाणत्या ठेकेदारानं एका अटीवर काम अंगावर घेतलं: सगळे डीबी उघडायचे, प्रत्येक सर्किटला मेगर मारायचा. आठ फ्लॅटपैकी एका स्वयंपाकघराचं सर्किट नापास झालं. गिझरची वायर झिरीत चेपली गेली होती. मीच ओढलेली वायर होती ती. त्या घरात पुढे एक म्हातारी आजी राहायला आली. आजही तिकडून गेलो की त्या खिडकीकडे लक्ष जातं.

अपघात झालाच तर काय होतं, हेही तोलताना धरायला हवं. विद्युत कायद्याच्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकाकडे जाते. प्राणांतिक असेल तर २४ तासांत. निरीक्षक सगळ्यांत आधी टेस्ट रिपोर्ट मागवतो. सही करणारा म्हणतो, साइट मी पाहिली नाही. म्हणजे त्याचं लायसन्स गेलं. आणि काम कोणी केलं, तर विनालायसन्सवाल्यानं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षांपर्यंत होती. विकतच्या सहीनं जबाबदारी दुसऱ्याकडे जाते असं वाटतं, प्रत्यक्षात ती दोघांवर पडते आणि हात लावणाऱ्यावर जास्त.

त्यामुळे या रस्त्यानं जायचंच असेल तर पहिल्या प्रकारानं जा. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी मागा: लायसन्सची प्रत, तीवरच्या मुदतीच्या तारखेसह, आणि रजिस्टरवर आपलं नाव. जो ठेकेदार या दोन गोष्टींना कां-कूं करतो त्याचा रेट कितीही चांगला असला तरी तिथे थांबू नका.

स्वतःचं लायसन्स

इथे पहिला निर्णय सुपरवायझरचा आहे, आणि त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

लायसन्स काढणारा माणूस स्वतः इंजिनिअर असलाच पाहिजे असं नाही. त्याच्याकडे सक्षमता प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर असला पाहिजे. तो तुम्ही स्वतः असू शकता किंवा पगारी ठेवलेला असू शकतो. नोकर म्हणून ठेवलात तर लायसन्स लवकर उभं राहतं, पण दर महिन्याचा पगार काम असो-नसो चालू. आणि तो दुसरीकडे गेला की तुमचं लायसन्स त्या दिवशी लंगडं होतं. नवीन सुपरवायझर नोंदवेपर्यंत नवं काम घेता येत नाही. सदरच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा झालेला एखादा मित्र भागीदार म्हणून घेणं हा इथे बऱ्याच जणांनी निवडलेला मधला मार्ग. तो चालतो, फक्त भागीदारी मोडली तर लायसन्स आणि चालू कामं कोणाकडे राहतील हे भागीदारी पत्रात आधीच लिहा. मैत्रीत हे लिहायला संकोच वाटतो. मोडताना मात्र तोच कागद मैत्री वाचवतो.

स्वतः सुपरवायझर होणं हा सर्वांत लांबचा आणि माझ्या मते सर्वांत पक्का मार्ग. डिग्री-डिप्लोमावाल्याला शिक्षण आणि अनुभवाच्या दाखल्यावर प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयवाल्याला अनुभव जमवून मंडळाची परीक्षा द्यावी लागते. परीक्षा रोज होत नाही, निकाल आणि कागदाला वेळ जातो. म्हणून दुकान भाड्यानं घेण्याआधी, पाटी रंगवण्याआधी हा अर्ज टाका. मी उलटं केलं होतं आणि धंद्याविना आठ महिन्यांचं भाडं भरलं.

परीक्षेची तयारी तुम्हाला साइटवरच्या गोष्टींची कारणं समजावून देते, हा त्याचा खरा फायदा. एक उदाहरण देतो. पीव्हीसी वायरच्या तांब्याचं तापमान ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. भोवतालचं तापमान ४० अंश धरून वायरची क्षमता दिलेली असेल आणि आपल्याकडे मे महिन्यात गच्चीखालच्या स्लॅबमधल्या पाइपात ५० अंश असतील, तर वाढायला ३० ऐवजी २० अंशांचीच जागा उरते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून क्षमता साधारण ८२ टक्क्यांवर येते. तक्त्यात २० अँपिअर वाचलं तरी वरच्या मजल्यावर ती १६ चीच वायर समजायची. वरच्या मजल्यावरचे एसीचे पॉइंट दर उन्हाळ्यात का जळतात, हे सहा वर्षं मी पाहत होतो. कळलं ते अभ्यासाला बसल्यावर.

अर्थिंगचंही तसंच. आपली काळी माती पावसाळ्यात इतकी चांगली असते की कसंही अर्थिंग पास होतं. मे महिन्यात तीच माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. ऑगस्टमध्ये घेतलेलं माप कागदावर शोभतं, कूलरच्या दिवसांत ते उपयोगाचं नसतं. ज्याच्या नावावर टेस्ट रिपोर्ट आहे तो ठेकेदार अर्थ पिटमध्ये पाणी घालायची सोय करून देतो आणि उन्हाळ्यात परत मोजतो. ज्याचं नाव नाही तो कशाला येईल?

उपकरणांचा खर्च येतोच. मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर, मल्टीमीटर, रबरी हातमोजे. ही उपकरणं लायसन्सच्या अर्जात दाखवावी लागतात. काही जण तेवढ्यापुरती कोणाकडून तरी आणतात आणि परत करतात. तसं करू नका. लायसन्स असलेल्या आणि नसलेल्या माणसातला रोजचा फरक याच उपकरणांमध्ये आहे.

एकच काम, तीन बाजूंनी

हे सगळं एका कामावर ठेवून बघा. घोगली रस्त्याला चार मजली, आठ फ्लॅटची स्कीम आहे, बिल्डर भाव मागतोय.

परमिटवाला इथे फक्त मजुरीवर लागू शकतो, तेही कोणत्या तरी लायसन्सवाल्याच्या हाताखाली. पैसे आठवड्याला मिळतात, डोक्याला ताप नाही, काम संपलं की नातंही संपलं. दुसऱ्याच्या लायसन्सखाली रीतसर काम करणारा पॉइंट रेटनं घेतो. माल बिल्डरचा किंवा मुख्य ठेकेदाराचा, मीटरचा कागद मुख्य ठेकेदाराचा, शेवटचा टप्पा अडकला तर तोही त्याच्यामार्फतच मागायचा. स्वतःचं लायसन्स असलेला मालासकट भाव देतो, एकूण भार काढतो, आणि थ्री फेजवर फ्लॅट वाटून लावतो. भार जास्त असेल, ट्रान्सफॉर्मर लागत असेल, तर महावितरणकडे १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरून ते कामही ग्राहकाच्या वतीनं लायसन्सवाला ठेकेदार करू शकतो. खरी मिळकत या शेवटच्या भागात असते, आणि पहिल्या दोघांना ती दिसतही नाही. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर वीज चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी येते. ती सांभाळता आली की बिल्डर पुढच्या स्कीमला आपणहून फोन करतो.

मात्र पैसाही इथे जास्त अडकतो. वायरचे बंडल, स्विच, डीबी उधारीवर घ्यायचे आणि बिल्डरचा टप्पा दोन महिने उशिरा यायचा. पहिल्या वर्षी मालासकट एकच काम घ्या, बाकीची मजुरीवर. कराच्या दृष्टीनंही यात फरक आहे. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढाल. नुसत्या मजुरीवर तिथे पोचायला वेळ लागतो, पण मालासकट काम घेतलं की मालाची रक्कमही उलाढालीत धरली जाते, आणि महिन्याची सरासरी १ लाख ६६ हजारांच्या वर गेली की मर्यादा ओलांडली. त्यानंतर १८ टक्के लावावे लागतात. घरगुती गिऱ्हाईक ते द्यायला कुरकुरतं. कारखाना कुरकुरत नाही, कारण त्याला वजावट मिळते. म्हणून घरगुती कामावर उभं राहणाऱ्यानं मजुरीचा रेट आणि माल गिऱ्हाइकाचा, हे सूत्र शक्य तितकं सांभाळावं. बुटीबोरी, हिंगणा, मिहान या कारखान्यांच्या पट्ट्यांकडे वळणाऱ्यानं जीएसटी पहिल्या दिवसापासून घ्यावा. कारखान्याच्या गेटवर तसंही लायसन्सची प्रत, कामगारांचा विमा किंवा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची मागणी होतेच.

बाकीचे कागद सोपे आहेत. मोजकीच माणसं असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, उद्यम नोंदणी मोफत होते, व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये.

सरकारी काम आणि सोलर

लायसन्स हातात आलं की कोणी तरी म्हणतंच, आता बांधकाम विभागात नाव टाक. नागपुरात या कामाला एक ठरलेला हंगाम आहे. १९५३ च्या नागपूर करारानुसार इथे अधिवेशन भरतं, आणि दर हिवाळ्याआधी आमदार निवास, रविभवन, नागभवन इथे वायरिंग, दिवे, गिझर यांची घाई सुटते. काम दिसायला मोठं आणि नक्की असतं. पण बयाणा रक्कम आधी भरायची, सुरक्षा ठेव कापली जाते, दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत ती मिळत नाही, आणि बिल निधी आल्यावर निघतं. टेंडर ऑनलाइन, त्यासाठी डिजिटल सही. इंजिनिअर असाल तर सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखीव वाटा आहे, तो जरूर घ्या. आयटीआयवाल्यानं मात्र सहा महिने बिल न येताही घर आणि माणसांचा पगार चालेल एवढी खासगी कामं जमली की मगच इकडे वळावं.

सोलरचं गणित वेगळं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान घरमालकाला मिळतं, आणि गच्चीवर सोलर बसवण्यात नागपूर राज्यात आघाडीवर राहिलं आहे. विक्रेता म्हणून नोंदणी वेगळी, बँक हमी वेगळी, आणि पाच वर्षांची देखभाल अंगावर येते. नव्या लायसन्सवाल्यानं आधी नोंदणीकृत विक्रेत्याचं बसवणीचं काम घ्यावं. डीसी बाजूच्या वायरीत चूक केली तर ती दुपारच्या भर उन्हात, सर्वांत जास्त करंट असताना उघडी पडते, आणि वीजरोधकाच्या अर्थिंगमधली चूक वीज पडल्यावर.

दोन हद्दी लक्षात असू द्या. लिफ्टचं काम या लायसन्सवर येत नाही; त्याला महाराष्ट्रात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. आणि लायसन्स राज्याचं असतं. सावनेरच्या पुढे सौंसर, पांढुर्ण्याकडून काम आलं तर तिथे मध्य प्रदेशची मान्यता लागते, नुसतं आपलं दाखवून चालत नाही.

मग कोणी काय करावं

नुकतं आयटीआय झालेल्या मुलाला मी दुसरा रस्ता सुचवतो, रीतसर प्रकारचा, रजिस्टरवर नाव लावून, चार-पाच वर्षांसाठी. घरची जबाबदारी मोठी असेल तर संध्याकाळी परमिटवर दुरुस्तीची कामं करायला हरकत नाही. डिप्लोमावाल्यानं दुसऱ्याकडे फार रेंगाळू नये. अनुभवाची अट पूर्ण झाली की स्वतःचं सक्षमता प्रमाणपत्र आणि लायसन्स पाठोपाठ काढावं, कारण त्याच्या प्रमाणपत्रावर दुसरा कोणी तरी धंदा उभा करायला टपलेलाच असतो. चाळिशी ओलांडलेल्या, भरपूर गिऱ्हाईक असलेल्या पण शिकायला वेळ नसलेल्या वायरमनला सुपरवायझर भागीदार हाच मार्ग उरतो. त्यानं भागीदारी पत्र वकिलाकडून लिहून घ्यावं.

आणि माझ्यासारखी ज्यांची वर्षं कागदाविना गेली, त्यांनी त्या वर्षांच्या मागे लागू नये. खोटे दाखले मिळतात, तेही मला त्या वेळी देऊ केले होते. पुढे कधी चौकशी झाली तर अख्खं लायसन्स त्या एका दाखल्यावर कोसळतं. मी दुसऱ्या ठेकेदाराकडे नव्यानं रुजू झालो, या वेळी ईएसआयचा क्रमांक, हजेरी, बँकेत पगार असं सगळं घेऊन. पगार आधीच्या मिळकतीपेक्षा कमी होता. घरी बायकोनं शिवणाचं मशीन घेतलं, ती तीन वर्षं तिनं ओढली. मग परीक्षा, मग प्रमाणपत्र, मग लायसन्स.

आता माझ्याकडे पाच मुलं आहेत. रजिस्टरमध्ये प्रत्येकाची रुजू तारीख, परमिट क्रमांक आणि कोणत्या साइटवर काय काम केलं ते लिहिलेलं असतं. दर दिवाळीला बोनसच्या पाकिटात मी त्या वर्षाचा सही-शिक्क्याचा दाखला घालतो. मागच्या वर्षी त्यातला एक सुपरवायझरच्या परीक्षेला बसला, आणि त्याला मला विचारावंही लागलं नाही.